एकवीस पत्रींचे निळे ठसे: सायनोटाइप करणाऱ्यांसाठी आणि करू बघणाऱ्यांसाठी धागा

रानजाई

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळपासून मंडईबाहेर पत्रीच्या जुड्या मांडून बायका बसलेल्या दिसतात. आपण जुडी घेतो, वाहतो, आणि तिच्यात माका कुठला नि मरवा कुठला हे न बघताच निर्माल्यात सोडतो. यंदा मी दोन जुड्या घेतल्या. एक देवाला, एक सायनोटाइपला. एकवीस पत्रींचा निळा संच करायचा बेत आहे. बराचसा झालाय, काही पानं अजून छळतायत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी भर घाला, ज्यांना करायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅमेरा नाही, शाई नाही. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदाला फासायचे, अंधारात वाळवायचे, वर पान ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात न्यायचं. ऊन लागलं तिथे निळं, पानाखाली पांढरं. मग साध्या पाण्यात धुवायचं. १८४२ साली जॉन हर्शेलने ही पद्धत शोधली (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा मुलगा). पुढे इंजिनियर मंडळींनी ती नकाशांसाठी उचलली, तीच ब्लूप्रिंट. पण त्याच्या कितीतरी आधी, १८४३ पासून, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज बाईने समुद्री शेवाळांचे ठसे काढायला घेतले आणि दहा वर्षं भागाभागाने त्यांचं पुस्तक केलं. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. प्रस्तावनेत तिने कारणही दिलंय: इतक्या बारीक शेवाळांची चित्रं हुबेहूब काढणं फार अवघड, म्हणून ही पद्धत. म्हणजे तिला आधी नोंद हवी होती, शोभा मागून आली. माझाही कल तिकडेच आहे. भिंतीवर लावायला छान दिसतं हे खरं, पण ठसा बघून माका ओळखता आला पाहिजे.

प्रमाण जुनंच वापरते. एका बाटलीत हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी १०० मिली. दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. दोन्ही बाटल्या गडद रंगाच्या. लागेल तेवढंच, सारख्या मापाने एकत्र करायचं. ए-फोर कागदाला दीड-दोन मिली पुरतं. ब्रशला लोखंडी पत्रा नको, त्याने निळे ठिपके पडतात. मी स्पंजचा घेते. रात्री पिवळ्या बल्बच्या उजेडात फासते आणि कपाटात वाळवते.

खरी अडचण रसायनाची नाहीच, पंचांगाची आहे. पत्री येते भाद्रपदात आणि तेव्हा उन्हाचा पत्ता नसतो. ढगाळ हवेत अर्धा-पाऊण तास ठेवलं तर ठसा येतो, पण तेवढ्या वेळात ओलं पान काचेखाली घामेजतं, कागदावर पाणी सुटतं आणि कडा फुगतात. म्हणून सगळी पत्री आधी रद्दीत दाबून ठेवली आणि छपाई ऑक्टोबर हीटला काढली. कोरड्या, स्वच्छ उन्हात दुपारी दहा मिनिटांत काम होतं. घड्याळ मात्र बघू नका, कागद बघा. उघडा भाग पिवळट हिरव्याचा निळसर होतो, तिथे भुलून काढलात तर धुताना निम्मा रंग वाहून जातो. पुढे तो करडा, जरासा ब्राँझसारखा मळकट दिसायला लागतो. काढायची वेळ ती.

आता पानांबद्दल. सगळ्यात सुंदर येते शमी. तिची इवलीशी पर्णिकांची ओळ काचेखाली इतकी सपाट बसते की दोन पर्णिकांमधली फटसुद्धा निळ्या रेघेसारखी उमटते. अगस्तीचं पानही तसंच. विष्णुक्रांता मुळात जमिनीसरपट वाढणारी, तिला दाबायलाही लागत नाही. उलट बेल, डाळिंब, कण्हेर यांची पानं जाड. ऊन आरपार जातच नाही, नुसती पांढरी आकृती मिळते. बेलाचं त्रिदल तसंही ओळखू येतं, पण कण्हेर आणि डाळिंब शेजारी ठेवली तर लांबी-रुंदीशिवाय फरक सांगता येत नाही. आघाड्याचं पान घेऊच नका, तुरा घ्या. त्याची उलटी वळलेली टोकदार फळं एकेक मोजता येतात. तुळशीचीही मंजिरीच.

पिंपळाला मात्र शाळेतली युक्ती: पान काही आठवडे पाण्यात कुजवायचं, गर मऊ ब्रशने झाडायचा, जाळी उरते. त्या जाळीचा ठसा बघून घरातल्या सगळ्यांनी एकदम "आहाहा" केलं. (कुजवण्याचं पातेलं गॅलरीत होतं तोवर त्यांचे उद्गार वेगळे होते.)

अडलंय ते तीन ठिकाणी. केवड्याचं पान लांब आणि काटेरी, कागदात मावत नाही. डोरलीचे काटे काचेला वर उचलतात. आणि देवदार म्हणून जुडीत जे आलंय ते देवदार नाही, एवढं मला कळतंय. काय आहे ते कळत नाही. फोटो पहिल्या प्रतिसादात टाकतेय.

थंड_चहा

मस्त धागा! वाचनखूण साठवली. मोबाईलवर फोटो दिसत नाहीयेत, कुणाला दिसतायत का?

एक भाबडी शंका. नावात "सायनाइड" आहे. घरात लहान मुलं आहेत. कितपत सुरक्षित?

प्रयोगवही

@थंड_चहा, शंका भाबडी नाही, प्रत्येकाने विचारावी अशीच आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. फेरिसायनाइडमधला सायनाइड लोहाला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सायनोटाइपच्या वापरात त्याची विषारीपणाची पातळी कमी आहे. पण दोन पथ्यं पाळायचीच. तीव्र आम्लाशी गाठ घालायची नाही आणि तापवायचं नाही, कारण तेव्हा ते बंधन सुटून विषारी वायू निघू शकतो. बाथरूममध्ये धुणार असाल तर फरशी साफ करायचं अ‍ॅसिड त्या वेळी आसपास नको. हातमोजे घाला, चमचे-वाट्या कायमच्या वेगळ्या काढा, पूड उडू देऊ नका आणि बाटलीवर ठळक नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आता रसायन कसं चालतं तेही सांगतो, कारण बऱ्याच अडचणींचं उत्तर त्यात आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी सायट्रेटसोबतचं फेरिक लोह फेरस होतं. ते फेरिसायनाइडला मिळालं की प्रशियन निळा तयार होतो. हा पाण्यात विरघळत नाही, कागदाच्या धाग्यात अडकून बसतो. जिथे ऊन लागलं नाही तिथले क्षार विरघळून वाहून जातात. धुतल्यावर ठसा फिका वाटतो, पण वाळताना हवेतल्या ऑक्सिजनने एक-दोन दिवसांत गडद होतो. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं टाका, डोळ्यादेखत गर्द होतो. वर्गात हा भाग दाखवला की मागच्या बाकावरची पोरंही पुढे येतात.

भर_दुपार

आमच्याकडे उलटी तऱ्हा. ठसा धुताना झकास निळा, आणि तासाभराने पिवळट, मेल्यासारखा. कागद चांगला जाड ३०० जीएसएमचा. ऊनही विदर्भातलं, म्हणजे त्याबद्दल तक्रार असूच शकत नाही 😀

रानजाई

@भर_दुपार, पाणी बोअरचं आहे का?

भर_दुपार

हो! सोसायटीत बोअरच येतं. बादलीला पांढरा थर बसतो इतकं जड.

प्रयोगवही

मग चोर सापडला. प्रशियन निळ्याला अल्कली सोसत नाही, तो तुटून पिवळट गंजासारखा रंग उरतो. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं. धुण्याच्या पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व किंवा थोडं व्हिनेगर टाका, नंतर साध्या पाण्यात हलकेच काढा. कागदही तपासा. "आम्लविरहित, टिकाऊ" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कागदांत मुद्दाम चुना घातलेला असतो. पुस्तकांना तो उत्तम, आपल्या कामाला वैरी.

रानजाई

कागदाबद्दल अनुमोदन. मी पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद वापरून बघितला. चिंध्यांचा असल्यामुळे पोत सुरेख येतो, पण फार शोषतो. रसायन जास्त लागतं आणि बारीक रेघा थोड्या पसरतात. शमीला जलरंगाचा गुळगुळीत कागद, पिंपळाला हातकागद, असं माझं ठरून गेलंय.

पडवी

छंद चांगला आहे, पण एक खटकलं. पत्री ही पूजेची वस्तू. ती रसायनात घालून भिंतीवर टांगायची हे मनाला पटत नाही. राग मानू नये.

रानजाई

@पडवी, राग कसला! पूजेची जुडी वेगळी होती, हे वर लिहिलंय. आणि पान रसायनात जात नाही, कागदावर कोरडंच ठेवतात. छपाई झाल्यावर ती पानं मी कुंडीत घातली. मंडईत विसर्जनानंतर जुड्यांचे ढीग पडतात ते बघितले तर खरं म्हणजे तेच जास्त खटकायला हवं.

पडवी

तेही आहेच. माझ्या आजीला एकवीसही पत्री परसात नावानिशी दाखवता यायच्या. आता आम्हाला पाच येत नाहीत. तुमचा संच पूर्ण झाला की नावांसकट टाका, नातवंडांना दाखवेन.

दुपानी

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

देवदाराबद्दल: देवदार हा हिमालयातला सूचिपर्णी वृक्ष. आपल्याकडे मैदानात तो वाढत नाही, त्यामुळे मंडईत खरा मिळण्याची आशा सोडा. फोटो मला दिसतोय. फांदीला सुयांसारखी पानं झुपक्यांनी असायला हवी होती, तुमच्याकडे चपटं पान आहे. पानावरून नाव सांगायचा मोह टाळतो. फूल किंवा फळ असलेली फांदी मिळाली तर बोलू. तोवर संचात ती चौकट "देवदार म्हणून मिळालेलं" अशा नावाने ठेवा, ते जास्त खरं होईल. हर्बेरियमच्या नोंदीतही आम्ही कुठे मिळालं, कुणी काय नाव सांगितलं हे लिहून ठेवतो.

दाबण्याबद्दल: रद्दी पावसाळ्यात रोज बदलली पाहिजे, सुरुवातीचे चार-पाच दिवस तर नक्कीच. नाहीतर बुरशी धरते आणि बुरशीचे धागेसुद्धा तुमच्या ठशात उमटतील. एखादं पान मुद्दाम पालथं घाला म्हणजे मागच्या शिरा वर येतात. डोरलीचे काटे नेलकटरने बुडाशी कापा आणि एका बाजूचे तेवढे ठेवा, ओळख टिकते आणि काचही बसते. केवड्याचं अख्खं पान कशाला हवं? कडेचे काटे आणि मधल्या शिरेवरचे काटे दिसतील असा वीतभर तुकडा पुरे.

रुईचा चीक आणि धोतरा हाताळल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्याला लावू नका. आणि कुणी गाजरगवताच्या नक्षीदार पानाच्या मोहात पडणार असेल तर सावध. ठसा फार देखणा येतो हे मान्य, पण अनेकांच्या अंगावर त्याने पुरळ उठतं.

शेवटचं. नेचे हवे असतील तर जुन्या विहिरीच्या भिंतीवर हंसराज बघा. काळे चकचकीत देठ, पंख्यासारखी पर्णिका. सायनोटाइपला याच्याइतकं गुणी रोप मी तरी पाहिलं नाही. कासला किंवा कुठल्याही अभयारण्यात मात्र पान-फूल तोडू नका. रिकाम्या प्लॉटवर टाकळा, तेरडा, केना, कुर्डू एवढं माजलेलं असतं की जन्मभर पुरेल.

थंड_चहा

दुपानी सर, असे प्रतिसाद रोज लांबवा. +१००

लीड्सकर

इथे इंग्लंडात आमची अडचण तुमच्या नेमकी उलट. उन्हाळ्यात झाडंही आहेत आणि ऊनही आहे, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य इतका खाली असतो की दुपारभर ठेवूनही फिकट राखाडी ठसा मिळतो. शेवटी नखांचं जेल वाळवायचा अतिनील दिवा आणला. लहान कागदाला छान चालतो, मोठ्याला कडा फिक्या राहतात.

अ‍ॅटकिन्सचं पुस्तक बघायला लंडन गाठायची गरज नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडची प्रत जालावर फुकट बघता येते, आणि ती प्रत खुद्द हर्शेलची होती. चवीने बघा. शेवाळांची नावंसुद्धा छापलेली नाहीत, तिच्या हस्ताक्षरातली, त्याच पद्धतीने निळ्यावर पांढरी उमटवलेली आहेत. पुस्तकावर तिने स्वतःचं पूर्ण नाव घातलं नव्हतं, नुसती "ए. ए." अशी आद्याक्षरं. पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ "अनामिक हौशी" असा लावला होता म्हणे! १८५३च्या सुमाराला तिने अ‍ॅन डिक्सन या मैत्रिणीबरोबर नेच्यांचाही संच केला. रानजाई, तुम्हीही पत्रीची नावं तशीच घाला. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने देवनागरीत लिहायचं आणि पानाशेजारी ठेवून छापायचं.

रानजाई

@लीड्सकर, हे भारी आहे! नावं पेन्सिलीने खाली लिहायचा विचार होता, तो रद्द. आईचं अक्षर मोत्यासारखं आहे, तिच्याकडून लिहून घेते.

नकाशाघर

ट्रेसिंगचा विषय निघाला म्हणून अवांतर. मी नगरपालिकेत आरेखक होतो. आमच्या वेळी नकाशांच्या प्रती अमोनियावर काढत, पांढऱ्यावर निळसर-जांभळ्या रेघा. बरेच लोक त्यालाच ब्लूप्रिंट म्हणतात, पण ते रसायन वेगळं. खरी ब्लूप्रिंट निळ्यावर पांढरी, म्हणजे तुमचीच. जुन्या कपाटात तसे एक-दोन नकाशे बघितलेत, घडीवर विरलेले पण रंग शाबूत.

ट्रेसिंगवर लिहिताना शाई दोनदा फिरवा. एका हातात भोकं राहतात, त्यातून ऊन घुसतं आणि अक्षर निळसर येतं.

हिरडा_बेहडा

मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला. आमच्याकडे बाळहिरडा गोळा करतात हे ठाऊक असेलच. सायनोटाइपवाले चहाच्या पाण्यात बुडवून निळ्याचा काळपट तपकिरी करतात ते वाचून मी हिरड्याचा काढा वापरला. धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात ठसा आधी पिवळसर होऊ द्यायचा, साध्या पाण्यात धुवायचा आणि मग गार केलेल्या हिरड्याच्या काढ्यात सोडायचा. हळूहळू काळसर जांभळट करडा रंग चढतो, चहापेक्षा कितीतरी खोल. कारण सोपं आहे, लोखंड आणि हिरडा मिळून जुन्या काळी काळी शाईच करत. कागदाचा पांढरेपणा मात्र जातो, साय धरल्यासारखा होतो. काढा गाळून घ्या, नाहीतर कण चिकटतात.

प्रयोगवही

@हिरडा_बेहडा, वा! टॅनिन आणि लोहाचं हे लग्न फार जुनं. भर_दुपार यांचं बोअरचं पाणी जे नको तिथे करत होतं, तेच तुम्ही सोड्याने हवं तिथे करताय.

रानजाई

हिरडा करून बघणारच, पण पत्रीच्या संचावर नाही. तो निळाच राहू दे. फोटो टाका ना त्या करड्या ठशाचा.

चिंध्या_आणि_दोरे

कापडावर कुणी केलंय का? उशांचे अभ्रे करायचेत.

लीड्सकर

केलंय. सुती किंवा रेशमी कापड घ्या, पॉलिएस्टर मिसळलेलं धरत नाही. मांजरपाट घेणार असाल तर आधी गरम पाण्यात धुवून खळ पूर्ण काढा. आणि झाल्यावर तो अभ्रा नेहमीच्या डिटर्जंटने धुतलात तर पिवळा पडेल, वर सांगितलेलंच कारण. सौम्य शाम्पूने, गार पाण्यात. माझं मत विचाराल तर रोज धुवाव्या लागणाऱ्या वस्तूवर करूच नका, भिंतीवरचा पडदा किंवा झोळी करा.

कोपऱ्यातली_कुंडी

थोडी वेगळी वाट. मी ओल्या पद्धतीने करते. ओल्या रसायनावरच ताजी पानं ठेवायची, वर हळद, व्हिनेगरचे थेंब, साबणाचा फेस, आणि तासन्‌तास उन्हात. हिरवे, पिवळे, गंजासारखे डाग पडतात, दर वेळी वेगळे. रानजाईंना ज्याची भीती वाटते तो पानाचा घाम मला मुद्दाम हवा असतो.

रानजाई

बघायला सुंदरच असतात ते. पण त्यात माका ओळखता येईल का, हा माझा हट्टी प्रश्न 😀

कोपऱ्यातली_कुंडी

नाही येणार. मला माका ओळखायचा नाहीये, मला ती दुपार हवी असते. तुमचा संच तुम्ही करा, माझी हळद मला राहू दे.

थंड_चहा

दोन्ही बाजूंना अनुमोदन देऊन मी पळतो. जाता जाता: रसायनं मागवली. पूड आली पण या आठवड्यात जमणार नाही. पाण्यात विरघळवून ठेवू का तशीच?

प्रयोगवही

पूडच ठेवा, घट्ट झाकणाच्या बरणीत, सायट्रेटच्या पुडीला दमट हवा सोसत नाही. पाण्यात केलेल्या सायट्रेटवर आपल्याकडे लवकर बुरशीची साय येते. आली तर घाबरू नका, कॉफीच्या गाळणकागदातून गाळलं की पुन्हा चालतं. फेरिसायनाइडचं पाणी कित्येक महिने टिकतं. एकत्र केलेलं मात्र त्याच दिवशी संपवा.

रानजाई

आणि तयार ठसे समोरासमोरच्या उन्हात लावू नका. फिके पडले तर काही दिवस कपाटात, अंधारात ठेवा, रंग बराचसा परत येतो. दुपानी सर, केवड्याचा वीतभर तुकडा दाबायला घातलाय. मधल्या शिरेचे काटे वरच्या बाजूला ठेवू की खाली?

दुपानी

खाली, कागदाच्या बाजूला. आणि काचेवर चारही बाजूंनी क्लिपा लावा, नुसत्या दोन पुरणार नाहीत.